चिकलठाण्याहून उड्डाण, डिस्क मात्र बाहेरची
घरबसल्या वैमानिक : लेखांक ५

सिम्युलेटर निवडून झाला की पहिलं घोडं अडतं ते जागेवर. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरला १५० जीबी मोकळी जागा हवी, असं कंपनीच सांगते. कॉलेजसाठी घेतलेल्या लॅपटॉपमधली ५१२ जीबीची डिस्क तोवर प्रोजेक्ट आणि लग्नाच्या व्हिडिओंनी निम्मी भरलेली असते. मग बाहेरची डिस्क जोडायची, आणि लगेच शंका येते : विमान अडखळत तर उडणार नाही?

याचं उत्तर चिकलठाण्यावरून उडतानाच पाहू. विमानतळाचा चार अक्षरी कोड ‘व्हीएएयू’. शहराचं नाव बदललं तरी सिम्युलेटरमध्ये शोधायचं याच कोडने. एक्स-प्लेन पृथ्वीचे एक अंश लांब, एक अंश रुंद असे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश हेच फाइलचं नाव ठेवतं. आपलं शहर ‘+१९+०७५’ या फाइलमध्ये आहे. देवगिरीचा किल्लाही त्यातच. वेरूळची लेणी मात्र विसाव्या अक्षांशाच्या किंचित वर असल्याने ‘+२०+०७५’ मध्ये, अजिंठ्याच्या सोबतीला गेली आहेत. फोल्डर उघडून ही फाइल एकदा नजरेखालून घालाच. आपला जिल्हा असा आकड्यांत सापडला की मजा वाटते.

आता २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून पश्चिमेला उडा आणि जरा डावीकडे वळून मुंबई धरा. शिर्डीचा विमानतळ ‘+१९+०७४’ मध्ये, मग ‘+१९+०७३’ आणि मुंबई ‘+१९+०७२’ मध्ये. इथे एका चौकोनाची पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे १०५ किलोमीटर. ११० नॉटने जाणाऱ्या सेसनाला तो ओलांडायला अर्धा तास लागतो, ४५० नॉटच्या जेटला साडेसात मिनिटं. पुढचा चौकोन आधीच मेमरीत उतरवून ठेवायला डिस्कला तेवढी उसंत मिळते. एकदा मेमरीत आलेलं दृश्य सेकंदाला किती वेळा रंगवायचं, हे काम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं. तिथे बाहेरची डिस्क बहुतांशी आडवी येत नाही. ती खरी नडते ती सुरुवातीच्या लोडिंगला, आणि नवा चौकोन उतरताना बसणाऱ्या एखाद्या हिसक्याला.

तो हिसका किती मोठा, हे डिस्कच्या जातीवर ठरतं. फिरत्या तबकडीची पोर्टेबल हार्ड डिस्क एकसंध सिनेमा सेकंदाला शंभरेक एमबीने वाचते. पण भूभाग, झाडं, इमारतींचे पोत अशा हजारो बारीक फायली मागितल्या की तिचा वाचणारा दांडा इकडून तिकडे धावत बसतो आणि वेग दोन-चार एमबीवर घसरतो. एसएसडीत हलणारं काही नसतंच. म्हणून माझं मत सरळ आहे : दोन टीबीच्या स्वस्त हार्ड डिस्कपेक्षा ५०० जीबीची एसएसडी घ्या. पेनड्राइव्हच्या वाटेला तर जाऊच नका.

एसएसडी घेऊन ती जुन्या यूएसबी २.० मध्ये खुपसली तर पैसे पाण्यात. तिथे जेमतेम ३५-४० एमबी मिळतात. यूएसबी ३.० ला चारशेच्या आसपास जातात. बऱ्याच लॅपटॉपवर हा पोर्ट आतून निळा असतो. स्वस्त हब मध्ये घालू नका.

फॉरमॅट एनटीएफएस ठेवा. एक्सफॅटमध्ये बारीक फायली गरजेपेक्षा जास्त जागा खातात. फॉरमॅट करताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, हे वेगळं सांगायला नको. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला शेवटाकडचं एखादं ड्राइव्ह अक्षर कायमचं द्या, म्हणजे मध्येच पेनड्राइव्ह लावला तरी पत्ता बदलत नाही. पॉवर सेटिंगमधलं यूएसबी झोपवणारं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करा.

एक्स-प्लेन या बाबतीत फार गुणी : सगळा पसारा एकाच फोल्डरमध्ये, तो उचलून डिस्कवर ठेवला की चालतो. मूळ प्रोग्राम आत ठेवून फक्त जास्तीचा भूभाग बाहेर ठेवायचा असेल, तर ‘कस्टम सीनरी’ फोल्डरमध्ये त्याचा शॉर्टकट टाकला तरी भागतं. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरचं असं नाही. तिथे पहिल्या डाउनलोडच्या वेळीच पॅकेजेसची जागा विचारली जाते. घाईघाईत ‘पुढे’ दाबलं की सगळं सी ड्राइव्हवर जाऊन पडतं.

राहिली वीज. भिंतीतल्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारी मोठी साडेतीन इंची डिस्क घेऊ नका. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, डिस्क मात्र बंद पडेल आणि सिम्युलेटर नाशिकच्या आसपास कोसळेल. यूएसबीतूनच वीज घेणाऱ्या छोट्या डिस्कला ही भीती नाही. फक्त बॅटरीवर गेलेला लॅपटॉप ग्राफिक्सचा वेग स्वतःहून कमी करतो, तेव्हा त्या हिसक्यांचा दोष डिस्कला देऊ नका.

पुढच्या आठवड्यात जॉयस्टिक.