भूत आधी आलं की आपण?

शहरातली चार माणसं, आडगावातलं एक घर आणि गेलेली लाईट! लो-बजेट हॉररचा हा फॉर्म्युला आपल्याला तोंडपाठ आहे. पण तोच पिक्चर मुळशीत बसून बघितला, तर भीतीची जागाच बदलते.

गाडीत चार जण. त्यातलं एक कपल, एक जोकर आणि एक 'मला इथे काहीतरी विचित्र वाटतंय' म्हणणारी. हायवे सोडून गाडी आत वळते. मोबाईलची रेंज जाते. वाटेत एक म्हातारा भेटतो आणि म्हणतो, 'पोरांनो, मागं फिरा.' पोरं अर्थातच फिरत नाहीत. फिरली असती तर पिक्चर पंधरा मिनिटांत संपला असता.

आता हेच जरा स्वतःला लावून बघा. शुक्रवारची संध्याकाळ. चांदणी चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या घालत आपण निघतो. भूगाव, पिरंगुट, पौड मागे पडतं. मग धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीचा रस्ता सुरू होतो, धुकं उतरतं, मोबाईलचे टॉवर एकेक करत गळतात. पुढे अंधारबन नावाचं जंगल आहे. असं नाव एखाद्या स्क्रिप्टरायटरने दिलं असतं, तर आपण म्हटलं असतं, 'जरा जास्तच झालं यार!' पाऊस म्हणाल, तर राज्यात सर्वात जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत ताम्हिणीचा नंबर लागतो. एकूण काय, हॉररपटाचा सेट फुकटात तयार आहे. आणि त्या सेटवर दर वीकएंडला चिप्सची पाकिटं घेऊन एंट्री मारणारे 'बाहेरचे' म्हणजे तुम्ही-आम्ही!

स्वस्तात मस्त घाबरवा

कमी पैशांच्या हॉररला आडगावच का लागतं? उत्तर रोमँटिक नाही, हिशोबाचं आहे. एकच घर म्हटलं की युनिट रोज हलवावं लागत नाही. अंधारात सेटचा स्वस्तपणा झाकला जातो. घाबरवायचं काम कॅमेऱ्यापेक्षा आवाज जास्त करतो आणि करकरणाऱ्या दाराचा आवाज काही मानधन मागत नाही. पात्रं बाहेरची असली की आणखी एक सोय होते. त्यांना काहीच माहीत नसतं, म्हणून ती प्रश्न विचारतात आणि आपल्याला गोष्ट कळत जाते.

हे गणित आपल्याकडे सर्वात आधी पक्कं कळलं रामसे मंडळींना. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरच्या सरकारी गेस्ट हाऊसमध्ये राहून चाळीसेक दिवसांत उरकला. खर्च साधारण साडेतीन लाख. सात भाऊ, कुणी दिग्दर्शन बघणार, कुणी कॅमेरा, कुणी साऊंड. घरातल्या बायका स्वयंपाक सांभाळणार. म्हणजे शूटिंग कसलं, मोठी फॅमिली पिकनिकच! पिक्चर चालला आणि रामसे हा एक ब्रँड झाला.

परदेशातही वेगळं काही नव्हतं. सॅम रायमी नावाच्या विशीतल्या पोराने टेनेसीच्या जंगलातल्या एका पडक्या केबिनमध्ये मित्रांना डांबून 'द इव्हिल डेड' (१९८१) केला. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये (१९९९) तर कलाकारांच्याच हातात कॅमेरे देऊन त्यांना जंगलात सोडलं होतं. मूळ शूटिंगचा खर्च काही हजार डॉलर आणि जगभरातली कमाई जवळपास २५ कोटी डॉलर! 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' पंधरा हजार डॉलरमध्ये झाला. आपल्याकडे अनेकांच्या लग्नाचं बजेट याहून जास्त असतं.

उसातली लपाछपी

मराठीत या फॉर्म्युल्याचं सोनं केलं ते विशाल फुरियाच्या 'लपाछपी'ने (२०१७). आठ महिन्यांची गरोदर नेहा आणि तिचा नवरा तुषार. पैशांच्या भानगडीत जिवावर बेतलंय, म्हणून ड्रायव्हर भाऊराव त्यांना आपल्या गावाकडच्या घरी नेतो. घर चारी बाजूंनी उसाने वेढलेलं. घरात भाऊरावची बायको तुळसाबाई. नेहा झालीये पूजा सावंत आणि तुळसाबाई उषा नाईक. 'काय गं पोरी' म्हणत ही बाई ज्या मायेने जवळ येते ना, त्या मायेचीच भीती वाटायला लागते. उषाताईंना सलाम!

या पिक्चरमध्ये मजा काय आहे सांगू? भर दुपारी, कडक उन्हात तो घाबरवतो. ऊस सगळीकडे सारखाच दिसतो. आत शिरलात की दिशाच कळत नाही. लहान मुलांची खिदळ ऐकू येते, मुलं दिसत नाहीत. कॉम्प्युटरची करामत करण्याऐवजी उसाच्या फडाकडूनच सगळं काम करून घेतलंय. आणि भुताच्या मुळाशी आहे ती मुलगी नको म्हणून केलेली हत्या. शेवट सांगून मी शिव्या खाणार नाही. पण एवढं सांगते, 'गाव मागासलेलं आणि शहर शहाणं' अशी वाटणी करून आपण निवांत बसलेलो असतो, ती वाटणी हा पिक्चर टिकू देत नाही.

फुरियाने पुढे स्वतःच त्याचा हिंदी अवतार काढला, नुसरत भरुचाला घेऊन 'छोरी' (२०२१). उसासकट सगळं मध्य प्रदेशात गेलं आणि पिक्चर थेट ओटीटीवर आला. २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही झाला. मराठी मातीतलं भूत देशभर फिरून आलं म्हणायचं.

'त्ये घर कुणाचं?'

गेल्या पावसाळ्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर मुळशीच्या एका फार्महाऊसवर होते. कुणीतरी प्रोजेक्टर आणला होता, भिंत पांढरी होतीच. 'लपाछपी' लावला. तिथली देखरेख करणारे काका जेवणाची भांडी न्यायला आले आणि दारातच उभे राहिले. आम्ही म्हटलं, 'काका, बसा की.' ते बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. मुली किंचाळत होत्या, मुलं मुद्दाम हसत होती. काकांच्या चेहऱ्यावर काही नाही. इंटरव्हलला त्यांनी एकच प्रश्न विचारला.

'ताई, त्ये घर नक्की कुणाचं म्हनायचं?'

आम्ही सगळे 'भूत कोण' याच्यावर पैजा लावत होतो. काकांना घर कुणाचं हे हवं होतं. 'तुमचं गाव कुठलं, काका?' असं विचारलं, तर त्यांनी खिडकीबाहेरच्या काळ्या पाण्याकडे हात केला. 'जुनं गाव धरनात हाय. आजा सांगायचा.' आणि भांडी घेऊन गेले.

खरं सांगते, त्या रात्री पिक्चरमधल्या कुठल्याही सीनपेक्षा खिडकीतलं पाणी जास्त बघवेना. भुतामुळे नाही. आपण कुणाच्या घरात पाय पसरून बसलोय, हा प्रश्न डोक्यात शिरला म्हणून.

मुळशीची खरी स्टोरी

कारण मुळशीत 'बाहेरचे' पहिल्यांदा आले ते वीकएंडला नव्हे. मुंबईच्या गिरण्यांना, रेल्वेला वीज हवी होती म्हणून टाटांच्या कंपनीने इथे धरण बांधायचं ठरवलं. पन्नासेक गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मावळातले शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे पुढे होते, पांडुरंग महादेव बापट होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती इथेच. लढा तीन वर्षांहून जास्त चालला. १९२४ मध्ये कामाची रेल्वे अडवल्याबद्दल बापटांना लांब शिक्षा झाली आणि लढा संपला. धरण झालं. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर पुस्तक लिहिलं, त्यात त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलंय. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट फार बोचते. जमिनी गहाण ठेवून घेतलेले पुण्याचे सावकार मोबदल्यावर राजी होते. कसणाऱ्याला जमीन हवी होती. म्हणजे पुणेकरांचा इथला इंटरेस्ट जुना आहे!

ते पाणी आजही बोगद्यातून सह्याद्रीखाली उतरतं, भिऱ्याला वीज करतं आणि कुंडलिका नदीत जातं. कोलाडला आपण 'वूहू' करत ज्या पाण्यावर राफ्टिंग करतो ना, तेच हे पाणी.

पुढचे भाग तर आपल्यासमोरच झाले. मोसे खोऱ्यात इटलीसारखं दिसणारं लवासा उभं राहिलं. २०१० मध्ये पर्यावरण खात्याची नोटीस आली, काम थांबलं आणि २०१८ मध्ये कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं. रंगीत घरांच्या ओळी आणि अर्धवट इमारती, हॉररवाल्यांना याहून काय हवं? आणि हो, रोज सकाळी आपण जिथे कार्ड पंच करतो ते हिंजवडी मुळशी तालुक्यातच येतं. माण, मारुंजी ही पिनवरची नावं नव्हेत, गावं आहेत. जमिनी विकून आलेला पैसा संपल्यावर पोरांचं काय झालं, ते प्रवीण तरडेंनी 'मुळशी पॅटर्न'मध्ये (२०१८) दाखवलंच. त्यात एकही भूत नाही, तरी झोप उडते.

दोन जातीची भुतं

म्हणून मला आता हॉररपटांत दोन जाती दिसायला लागल्यात. पहिल्या जातीत शहरातली पोरं गोरीगोमटी, निष्पाप. गाव म्हणजे अंधश्रद्धा, मांत्रिक आणि वेडेवाकडे दात. भूत गावाचं, बळी आपला. हे बघायला सोपं, कारण आपल्याला काही द्यावं लागत नाही.

दुसऱ्या जातीत मात्र भूत हिशोब मागतं. 'गहराई' (१९८०) बघा. अरुणा राजे-विकास देसाईंचा पिक्चर, लेखनात विजय तेंडुलकर. बंगलोरला राहणारा साहेब, म्हणजे डॉ. श्रीराम लागू, गावाकडची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो. ती राखणारा जुना माणूस विनवण्या करतो, साहेब ऐकत नाहीत. मग शहरातल्या घरात पद्मिनी कोल्हापुरेच्या अंगात जे येतं, ते मालकाची जुनी पापं बोलून दाखवतं. इथे माणसं गावाला जात नाहीत, गावच घरी येतं!

'तुंबाड'मधला (२०१८) विनायक तर अस्सल आपल्यातला. राहायला पुण्यात, पण पैसे संपले की तुंबाडला फेरी मारायची, गर्भातलं सोनं खरवडायचं आणि परत यायचं. राही अनिल बर्वेने खऱ्या पावसासाठी कैक पावसाळे घालवून तो केला. पहिल्यांदा आला तेव्हा जेमतेम चालला. २०२४ मध्ये पुन्हा लावला, तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमवला. आणि 'रागिनी एमएमएस'ची (२०११) ख्याती भलत्याच कारणासाठी, पण त्यातली भुताटकी मराठीत बोलते. आपण चेटकीण नाही, हे ती परत परत सांगत राहते. शहरातून आलेल्या जोडप्याला तिचं ऐकायला वेळ कुठे आहे?

वीकएंडला लावा

घाबरायचं असेल तर: 'लपाछपी'. हेडफोन लावून, दिवसाढवळ्या.

डोकं खाजवायचं असेल तर: 'गहराई'. जुना आहे, पण अमरीश पुरींचा मांत्रिक बघाच.

पाऊस बघायचा असेल तर: 'तुंबाड'. मोबाईलवर नको, प्लीज!

भुताशिवाय हवं असेल तर: 'मुळशी पॅटर्न'.

आता मला हवाय तो अस्सल मुळशीचा हॉररपट. बजेट कमी असलं तरी चालेल. हिंजवडीतले चार जण, पाण्याच्या कडेचं एक फार्महाऊस, एक राखणदार काका. भुताला मेकअप नको, पांढरी साडी नको, उलटे पाय तर नकोच. मध्यरात्री लाईट जाते. मेणबत्ती शोधताना कपाटात एक जुना सातबारा आणि फेरफारांचा गठ्ठा सापडतो. एकेक पान उलटत जातं. खाडाखोड केलेली, कंस केलेली नावं, त्याच्या आधीची नावं, त्याच्याही आधीची. आणि बाहेरून कुणीतरी त्यातलं पहिलं नाव घेऊन हाक मारतं, जसं कुणी आपल्याच घरातल्या माणसाला मारावी.

तो पिक्चर आला, तर पहिल्या दिवशीचं पहिलं तिकीट माझं!