वाळूघाट : लिलाव आणि अनुमती

नांदेडची गोदावरी व लातूरची मांजरा यांच्या पात्रांतील वाळू हे कायद्याने गौण खनिज. तिचा लिलाव जिल्हा प्रशासन करते, परंतु १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखालील पर्यावरणीय अनुमती हाती येईपर्यंत ठेकेदाराला पात्रात फावडेही लावता येत नाही.

५ हेक्टर : याहून लहान घाटांनाही अनुमती आवश्यक, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात ठरविले.

जिल्हा सर्वेक्षण अहवाल : कोठे किती वाळू साचते याची मोजदाद; अनुमतीसाठी २०१६ पासून अनिवार्य. पावसाळ्यात उत्खनन बंद असल्याने लांबलेली अनुमती म्हणजे बहुधा बुडालेला हंगाम.

ब्रास : वाळू मोजण्याचे एकक; १०० घनफूट.

अनुमतीच्या विलंबावर युरोपीय संघाचा उपाय : लिथियमसारख्या खनिजांच्या धोरणात्मक खाणींना परवान्यासाठी २०२४ च्या कायद्यान्वये कमाल २७ महिने.