झाशीचा वेढा आणि साक्षींचे तक्ते

झाशीच्या वेढ्याला साक्षीदार दोन्ही बाजूंनी मिळाले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजची फौज शहरावर चालून आली, तेव्हा पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तटाच्या आत होते. इंग्रज अधिकाऱ्यांनी अहवाल लगोलग लिहिले. गोडसेभटजींनी ‘माझा प्रवास’ लिहिला तो सुमारे पाव शतकानंतर. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली तो छापला, पण मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे साक्षीदार एक, छापील पाठ दोन.

हे सारं एक्सेलच्या एकाच तक्त्यात भरू लागलो की झाशीची राणी लक्ष्मीबाई हिच्या जन्मवर्षापाशीच अडतं. १८२८ लिहायचं की १८३५? मृत्यू १७ जूनचा की १८चा? रकाना एकच, म्हणून आपण एक तारीख ठेवतो आणि दुसरी पुसली जाते. ती कुणी सांगितली होती, हेही तिच्याबरोबर जातं.

एडगर कॉड या आयबीएममधल्या संशोधकाने १९७० साली मांडलेला रिलेशनल डेटाबेस इथे कामाला येतो. त्यात माहिती अनेक तक्त्यांत ठेवतात आणि क्रमांकांनी जोडतात. व्यक्तींचा तक्ता वेगळा, नावांचा वेगळा. मनू, मणिकर्णिका, लक्ष्मीबाई ही नावं एकाच क्रमांकाला जोडायची. साधनांच्या तक्त्यात १९०७ आणि १९६६ या दोन स्वतंत्र ओळी. सगळ्यांत मोलाचा तक्ता नोंदींचा: कोणत्या साधनात, कोणत्या पानावर, कुणाबद्दल, काय म्हटलं आहे. मूळ शब्द जसेच्या तसे ठेवायचे. तिथी असेल तर तिथी, आणि आपण काढलेली इंग्रजी तारीख शेजारच्या रकान्यात. इथे परस्परविरोधी नोंदी सुखाने नांदतात. निवाडा संशोधकाने करायचा, तक्त्याने नव्हे.

मग प्रश्न विचारता येतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्याबद्दल तटाच्या आतले काय सांगतात, बाहेरचे काय? वैद्यांच्या पाठात आहे आणि पोतदारांच्या पाठात नाही, असं काय काय? एसक्यूएल या भाषेतल्या चार-पाच ओळींत उत्तरं समोर येतात. अर्थात नोंदी आधी नेटाने केलेल्या हव्यात. वेळ खाणारं काम तेच.

असा डेटाबेस बनवण्यासाठीचं एसक्यूलाइट फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ‘माझा प्रवास’मधलं झाशीचं एकच प्रकरण घ्यावं, दोन्ही पाठ शेजारी ठेवावेत आणि पहिली नोंद पान क्रमांकासकट करावी.