मुलगी नववीत गेली की फुटबॉल का सुटतो?

१५ सप्टेंबर २०१७ हा दिवस अनेकांना आठवत असेल. सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात होणार होता आणि त्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने ‘मिशन वन मिलियन’ काढले. एका दिवसात राज्यातल्या दहा लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळायचा. शाळांना चेंडू वाटले गेले. मुले-मुली धावली, फोटो निघाले, पेपरात बातम्या आल्या. त्या दिवशी बारा वर्षांच्या असलेल्या मुली आता विशीत आहेत. त्यांपैकी किती जणी अजून खेळतात, हे आपापल्या वस्तीत मोजून पाहा. आम्ही आमच्या वस्तीत मोजले. एक बोटही उचलावे लागले नाही.

खेळ सोडल्याचे कारण विचारत आम्ही आयाबायांकडे बसलो. उत्तरे ठरलेली होती. आता ती मोठी झाली. पाळी सुरू झाली. मैदानात सारी पोरेच असतात. उन्हात काळवंडते. गुडघे फुटले तर लग्नाच्या वेळी सांगायचे काय? पण दोन-तीन मुलींनी आईच्या मागे उभे राहून हळूच वेगळे कारण सांगितले : “धावलं की दम लागते, डोळ्यासमोर अंधारी येते.” या पानाचा विषय आरोग्य आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे दहा जणींचा संघ उभा केला तर त्यातल्या जवळजवळ सहा जणी कमी रक्तावर धावत असतात. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. ते कमी असेल तर पाय चालत नाहीत, छाती धडधडते. मुलगी आळशी नाही की नाजूकही नाही, तिला रक्त कमी आहे. बारा वर्षांवरच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त असायला हवे. ८ च्या खाली असेल तर मैदान नंतर, आधी दवाखाना. मधल्या मुलींना डॉक्टर काही महिने रोजच्या गोळ्या देतात. त्या काळात हलका खेळ चालतो, फक्त दम लागला की बसायची मोकळीक हवी.

तपासणी आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ही गोळी कित्येक मुली दप्तरातून घरी आणतात आणि खिडकीतून फेकतात, कारण मळमळते, शौचाला काळी होते. काळी होणे हे लोहामुळे असते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. जेवण झाल्यावर घेतली की मळमळ कमी होते. सहा महिन्यांनी जंताची गोळीही घ्यावी. आणि गोळीवर चहा नको. जेवणावर लगेच चहा घेण्याची आपली सवय जेवणातले लोह वाया घालवते. त्यापेक्षा लिंबू पिळलेले वरण किंवा चिंचेचे सार बरे.

आता एक गोष्ट आपल्या घरांनी विशेष ध्यानात ठेवावी. विदर्भात सिकलसेलचा आजार आपल्या समाजात मोठ्या प्रमाणात आढळतो. तो आईबापांकडून मुलांत उतरतो. गोळ्या घेऊनही मुलीचे रक्त वाढत नसेल, सांधे-हाडे दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्याच. १ जुलै २०२३ पासून या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. ज्या मुलीला प्रत्यक्ष आजार आहे तिने किती खेळायचे ते डॉक्टर ठरवतील. जी फक्त वाहक आहे, ती खेळू शकते. मात्र तिला भर उन्हात पळवत ठेवू नये आणि पाणी सतत मिळाले पाहिजे. संघ बांधताना प्रत्येक मुलीची ही तपासणी झालेली असावी असे आमचे मत आहे. कार्डावर नाव आणि जन्मतारीख लिहितो, तशी ही ओळही लिहावी.

खेळणाऱ्या मुलीला वेगळा महागडा खुराक लागत नाही. पोटभर मात्र लागते. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडी किंवा मेथीची भाजी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, फुटाणे, आणि रोज एक अंडे. घरात अंडे आणि मटणाची वाटी आधी कोणाच्या ताटात जाते, ते प्रत्येक आईला ठाऊक आहे. तिथे वाटणी सारखी झाली तर निम्मे काम झाले. खेळ वाढला आणि जेवण तेवढेच राहिले तर काही मुलींची पाळी लांबते किंवा बंद होते. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे न्यावे. शरीर उपाशी असल्याची ती खूण असू शकते.

पाळीचा विषय निघालाच आहे तर थोडे कडू बोलू. विटाळ आपण सोडला असे आपण सांगतो. देव्हारा नाही, सोवळे नाही. तरी “चार दिवस पळू नको, गर्भाशय खाली येते” हे वाक्य आपल्याच घरांत ऐकू येते. याला वैद्यकात काही आधार नाही. पाळीत खेळल्याने काही बिघडत नाही, उलट बऱ्याच जणींचे पोट दुखणे कमी होते. दुखते जास्त, तर त्या दिवशी विश्रांती. खरी अडचण दुसरीच असते : मैदानाजवळ बाईला जाता येईल असा संडास नसतो, पॅड बदलायला आडोसा नसतो. तो आडोसा विहाराच्या खोलीत सहज करता येतो. एक बादली, झाकणाचा डबा आणि आतून लागणारी कडी एवढे पुरे.

मुलींच्या अंगाला फुटबॉल सोसत नाही, हा समज तर साता समुद्रापारही होता. इंग्लंडात २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर ‘डिक, कर लेडीज’ या कारखान्यातल्या कामगार बायकांच्या संघाचा सामना पाहायला ५० हजारांहून जास्त माणसे आली. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली. हा खेळ बायकांना योग्य नाही, असे कारण दिले. बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. बायका खेळल्या म्हणून आजारी पडल्या असे काही घडले नव्हते. गर्दी त्यांच्याकडे जात होती, हे मात्र खरे.

गुडघ्याची भीती तेवढी खोटी नाही. गुडघ्याच्या आतली शीर तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींत बरेच जास्त असते. त्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (२००८) खेळाआधी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती निम्म्यापर्यंत खाली आल्या. हळू धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, पोटाच्या व मांडीच्या ताकदीचे व्यायाम, आणि उडी मारून उतरताना गुडघे वाकवून, आत न वळू देता उतरणे, एवढेच त्यात असते. आपल्याकडे मुली आल्या की थेट चेंडूवर तुटून पडतात. पहिली वीस मिनिटे चेंडू बाईंच्या पिशवीत राहिला पाहिजे.

मैदानाचे आपल्या जिल्ह्यात निराळे दुखणे आहे. पूर्णाकाठच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, घोटा तिथेच मुरगळतो. पावसाळ्यात तीच जमीन पाय धरून ठेवते. म्हणून मोठे मैदान मिळेल याची वाट पाहत बसू नये. बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत एका बाजूला चारच खेळाडू असतात, मैदान २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. एवढी मुरमाची सपाट जागा शाळेच्या आवारात किंवा विहारापुढे सापडते. लहान मैदानात प्रत्येकीच्या पायाला चेंडू लागतो. मोठ्या मैदानात चार जणी खेळतात आणि बाकीच्या वाट पाहतात.

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा खारपाणपट्टा. तिथे बोअरचे खारे पाणी खेळणाऱ्या मुलींना पाजू नये आणि त्यात वरून मीठ तर मुळीच घालू नये. योजनेच्या नळाचे किंवा शुद्ध केलेले पाणी घरून बाटलीत आणावे. मार्च ते जून सकाळी सातच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच खेळावे.

वेळापत्रकही शेतावर बघून करावे लागते. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की आई शेतात जाते आणि चूल, लहान भावंड, पाणी मुलीकडे येते. त्या महिन्यांत रोज सराव ठेवला तर मुलगी येत नाही, मग तिला लाज वाटते, मग ती कधीच येत नाही. आम्ही हे होताना पाहिले आहे. त्या दिवसांत आठवड्यातून दोनच संध्याकाळी ठेवाव्यात, तासाभराच्या. लहान भावंड सोबत आले तर येऊ द्यावे, त्याला कडेला एक जुना चेंडू द्यावा. आणि भावाने त्या तासात पाणी भरले तर त्याचा हात झिजत नाही.

मैदानात पोरेच असतात, हेही खरे आहे. मुंब्र्याच्या मुस्लीम मुलींनी २०१२ पासून ‘परचम’ या संस्थेच्या सोबतीने फुटबॉल सुरू केला, तेव्हा त्यांच्यापुढेही हीच अडचण होती. त्यांनी मैदानासाठी सह्यांचा अर्ज केला. आपल्याकडे एवढेही लागू नये. सोमवार आणि गुरुवार, पाच ते सहा, जागा मुलींची. हे वस्तीच्या बैठकीत ठरले आणि फलकावर लिहिले, की पोरे कुरकुर करतात आणि आठवड्याभरात सवय होते.

मग शिकवणार कोण? इथेच बहुतेक प्रयत्न मोडतात. बाहेरून एक उत्साही सर येतात, दोन वर्षांनी त्यांची बदली होते. ‘झुंड’ सिनेमा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. तो ज्यांच्यावर बेतला त्या प्रा. विजय बारसे यांनी नागपुरात २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल उभा केला. पुढे त्याची ‘स्लम सॉकर’ संस्था झाली आणि तिला २०१६ चा ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला. त्या कामातले आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की खेळून मोठी झालेली मुलेच पुढे प्रशिक्षक झाली. मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑस्कर’ संस्थेने शाळा नाही तर फुटबॉल नाही, हा नियम घातला. दोन्ही गोष्टी आपल्याला जमण्यासारख्या आहेत. बारावी झालेली, लग्न होऊन वस्तीतच राहिलेली, कधीकाळी कबड्डी किंवा खो-खो खेळलेली एखादी ताई असतेच. तिला महिन्याला काही मानधन द्यावे. फुकटची सेवा दोन महिने टिकते. सोबत आणखी एक बाई असावी, म्हणजे मुलींची सुरक्षितता एकीवर राहत नाही आणि एक आजारी पडली तर खेळ बंद पडत नाही.

खंड पडला की काय होते, ते देशाच्या संघाकडे बघावे. १९८३ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुली उपविजेत्या होत्या. २००९ मध्ये मात्र दीड वर्ष एकही सामना न खेळल्याने भारताचे नाव ‘फिफा’च्या क्रमवारीतून गळाले. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईत थायलंडला २-१ ने हरवून संघ पहिल्यांदाच पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात गेला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. हे सारे मोठ्या शहरांचे काम, असे म्हणणाऱ्यांना बुलडाण्याच्या प्रथमेश जावकारचे नाव सांगावे. त्याने मे २०२३ मध्ये शांघायला तिरंदाजीच्या विश्वचषकात सुवर्णपदक घेतले.

खर्चाचे विचाराल तर जयंतीच्या वर्गणीतून डीजेची एक रात्र कमी केली तरी वर्षाचे चेंडू, प्रथमोपचाराची पेटी आणि ताईचे काही महिन्यांचे मानधन निघते. दर सोमवारी अंड्यांचा एक ट्रे विहारात आणावा, तीस अंडी, सरावानंतर उकडून. संघासाठी जर्सी पहिल्या वर्षी नको. जर्सी आली की फोटो येतो, फोटो आला की स्पर्धा लागते, आणि मुली हरल्या की मोठ्यांचा उत्साह संपतो. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, अमरावती विभाग अशा चढतात. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जावे.

आणि नववीतल्या मुलीचे? तिला त्या वर्षी सहावीतल्या मुलींचा व्यायाम घ्यायला लावावे. नोंदवही तिच्या हातात द्यावी, कोणाचे हिमोग्लोबिन किती, कोण किती दिवस आली. जिच्याशिवाय सराव सुरू होत नाही, तिला घरी बसवणे आईलाही अवघड जाते.

सोंगणीच्या आधी, पाऊस ओसरला की दोन-तीन आठवडे मोकळे मिळतात. सुरुवातीला तेवढे पुरतात. चेंडू रात्री कोणाच्या घरी राहणार हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आमच्याकडे पहिले भांडण त्यावरूनच झाले.