पतंगांच्या दिवसांतला रोबॉट

सकाळी 8. जानेवारीचं धुकं. संक्रांतीच्या आधीचा शनिवार. जयपूरमध्ये याचा अर्थ अख्खं शहर गच्चीवर. शाळेला सुट्टी, तरी शाळेच्या रोबॉट-संघातली नववी ते अकरावीची मुलं कानटोप्या घालून हजर. मी त्यांची भौतिकशास्त्राची बाई, इथल्या भाषेत मॅम. चौकीदाराकडून अटल टिंकरिंग लॅबची किल्ली घ्यायची, रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचे व्होल्टेज मोजून वहीत लिहायचे. आकडा लिहिल्याशिवाय बॅटरीला हात नाही.

9. आमची स्पर्धा फर्स्ट टेक चॅलेंज. मैदान 12 फूट लांब, 12 फूट रुंद. सुरुवातीला रोबॉट 18 इंचांच्या घनात मावला पाहिजे. सामना अडीच मिनिटांचा: पहिले 30 सेकंद रोबॉट स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, उरलेली दोन मिनिटं मुलं कंट्रोलरने चालवतात. दोन संघ एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. आजचा जोडीदार पुढच्या फेरीत समोर उभा असतो, त्यामुळे स्पर्धेत कुणाला नटबोल्ट उसना द्यायला मुलं फार विचार करत नाहीत.

9.30. पहिली फेरी अचूक. चौथ्या फेरीला रोबॉट वीतभर आधीच वळला. प्रोग्रॅम लिहिणारा म्हणाला, चाकं सैल आहेत. चाकं बसवणारी म्हणाली, कोड कच्चा आहे. लॅबमध्ये एकच नियम मी कडक पाळते: माणसाचं नाव घ्यायचं नाही, भागाचं घ्यायचं. मग एकेक गोष्ट बदलून पाहणं सुरू झालं. चाकं आवळली, फरक नाही. सकाळच्या वहीतली भरलेली दुसरी बॅटरी लावली आणि रोबॉट पुन्हा जागेवर. ‘दीड सेकंद पुढे जा’ असं कोडमध्ये लिहिलेलं होतं. बॅटरी उतरली की त्याच दीड सेकंदात अंतर कमी कापलं जातं. आता वेळेऐवजी मोटरचे फेरे एन्कोडरने मोजायचे. हे मी आठ वाजताच सांगू शकले असते. सांगितलं असतं तर ते वहीत उतरलं असतं आणि विसरलं गेलं असतं.

11.30. व्हीकेआयमध्ये, म्हणजे विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात, लेथवाल्या उस्तादांकडे. रोबॉटच्या हाताच्या सांध्यासाठी पितळी बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात बसतो ती नळी, हवी होती. दहावीतल्या मुलीने संगणकावरचं सुबक चित्र पुढे केलं. उस्तादांनी ते उलटंसुलटं पाहिलं. “बेटा, शाफ्ट इसमें घूमेगा या फँसा रहेगा?” चित्रात भोक 8 मिलिमीटर, शाफ्टही 8. फिरायला जागा किती ठेवायची, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने तिथेच पेन काढून माप सुधारलं. पाठ्यपुस्तकातलं टॉलरन्स तिला त्या तेलकट टेबलावर कळलं, आणि यंत्राची माहिती माझ्यापेक्षा उस्तादांना जास्त आहे हेही.

1.30. डबे. कचोरी, माझ्या घरचे तिळाचे लाडू, आणि पलीकडच्या गच्चीवरून पतंग कापल्याची आरोळी, ‘वो काटा’. अर्धा तास मुलं पतंगांची.

2.30. ड्रायव्हिंगचा सराव. दोघं चालवतात, तिसरा शेजारी उभा राहून उरलेले सेकंद सांगतो. आज रोबॉट मध्येच बंद पडत होता. हिवाळ्यात इथली हवा कोरडी. फोमच्या लाद्यांवर चाकं घासून स्थिर वीज साठते आणि कंट्रोल हबचा, म्हणजे रोबॉटच्या मेंदूचा, संपर्क तुटतो. हब सांगाड्याला जोडणारी ग्राउंडिंगची पट्टी निसटली होती.

4.30. वही. परीक्षकांसाठीचा पोर्टफोलिओ 15 पानांचा, त्याहून जास्त चालत नाही. रोबॉटचा यशस्वी झालेला हात सगळ्यांना दाखवायचा असतो. मी फसलेल्या दोन हातांची चित्रंही घालायला लावते, कारण परीक्षक ‘हे का सोडलं?’ असं विचारतात. स्क्रूड्रायव्हरला फारसा हात न लावणारी एक अबोल मुलगी याचं उत्तर सर्वांत नेमकं देते.

5.30. फाटकाशी पालक. “मॅडम, इससे जेईई में फायदा होगा?” थेट नाही, गुण मिळत नाहीत, असंच मी सांगते. खोटी आशा दाखवून मुलं गोळा करणं मला पटत नाही. तरीही बहुतेक जण पुढच्या शनिवारी पाठवतात.

आमच्यासारख्या लॅब ज्यातून उभ्या राहतात, ते अटल इनोव्हेशन मिशन 2016 साली सुरू झालं. आज देशात दहा हजारांवर शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत, एकेकीला 20 लाखांपर्यंत अनुदान. तुमच्या गावातल्या शाळेतही असेल. एखाद्या शनिवारी जाऊन बघा. कुलूप असेल, तर किल्ली कुणाकडे असते ते मुख्याध्यापकांना विचारा.