मुक्त डेटाबेसचा नवखा कारागीर

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण थट्टेने म्हणतो. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूवर आपला विश्वास मात्र बेताचाच असतो. जिच्यावर कोणा एकाची मालकी नाही, ती वस्तू टिकाऊ कशी असणार, अशी शंका मनात येतेच. ही शंका खोटी ठरविणारे एक उदाहरण म्हणजे ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ हा डेटाबेस. जगभरच्या अनेक संस्था आपली माहिती त्याच्या स्वाधीन करतात. आणि तरीही तो कोणा एका कंपनीचा नाही. तो घडविण्याच्या कामात कोणालाही सामील होता येते. हे सामील होणे म्हणजे नेमके काय, ते येथे पाहावयाचे आहे.

डेटाबेसचे काम केवळ माहिती नीट लावून ठेवणे एवढेच नसते. रेल्वेच्या दोन खिडक्यांवर दोन उतारूंनी एकाच क्षणी एकच बर्थ मागितला, तर तो एकालाच मिळाला पाहिजे. बँकेतील एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर ती वजावटही रद्द झाली पाहिजे. अशी हमी देणाऱ्या आज्ञावलीत एखादी चूक राहिली, तर तिचे फळ ती लिहिणाऱ्याला नव्हे, दूर कोठेतरी बसलेल्या खातेदाराला भोगावे लागते. नवख्याचे स्वागत येथे आपुलकीने होत असले, तरी त्याचे काम बारकाईने का तपासले जाते, याचे उत्तर यातच आहे.

या डेटाबेसचा जन्म विद्यापीठातला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत प्रा. मायकेल स्टोनब्रेकर यांनी आधी ‘इंग्रेस’ नावाचा डेटाबेस उभारला होता. त्याच्या पुढची पायरी म्हणून १९८६ साली ‘पोस्टग्रेस’चे काम सुरू झाले. पुढे विद्यापीठाने तो प्रकल्प संपविला. पण १९९४ साली अँड्र्यू यू आणि जॉली चेन या तेथील दोन विद्यार्थ्यांनी त्याला एस्क्यूएल ही प्रश्न विचारण्याची सर्वमान्य भाषा शिकविली. १९९६ साली त्याला आजचे नाव मिळाले आणि तो विद्यापीठाबाहेरच्या स्वयंसेवकांच्या हाती आला. म्हणजे आज जे घर एवढे मोठे दिसते, त्याचा एक वासा विद्यार्थ्यांच्याच खांद्यावरून आलेला आहे.

या कामात शिरण्यासाठी अर्ज, वर्गणी किंवा पदवी यांपैकी काहीच लागत नाही. सी भाषेतील लाखो ओळींची ही आज्ञावली कोणालाही उतरवून घेता येते. नवख्याने ती प्रथम स्वतःच्या यंत्रावर बांधून पाहावी आणि तिच्यासोबत येणाऱ्या चाचण्या चालवाव्यात. त्या उत्तीर्ण झाल्या, की पहिला दिवस कारणी लागला. यानंतर मोह होतो तो एखादी मोठी सुधारणा करून दाखविण्याचा. करावयाच्या कामांची एक यादीही उपलब्ध आहे. परंतु ती फसवी आहे. त्या यादीतील पुष्कळ कामे अवघड किंवा वादग्रस्त असल्यामुळेच पडून राहिलेली आहेत. सोपी असती, तर ती केव्हाच कोणीतरी उरकली असती.

आपण केलेला बदल ‘पॅच’च्या रूपाने पाठवावयाचा असतो. पॅच म्हणजे ठिगळ. कोणत्या ओळी काढल्या आणि कोणत्या घातल्या, एवढेच त्यात असते. तो ई-मेलने सर्वांसमक्ष पाठविला जातो. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च या महिन्यांत ‘कमिटफेस्ट’ भरतो; त्यात साचलेल्या पॅचची तपासणी होते. तेथला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. ज्याने स्वतःचा पॅच पाठविला, त्याने तेवढ्याच तोलाचा दुसऱ्या कोणाचा तरी एक पॅच तपासून द्यावा. लिहिणारे पुष्कळ, वाचणारे थोडे, ही अडचण आपल्या वार्षिकाच्या संपादकांनाही ठाऊक असेल. त्यावर तेथे असा तोडगा काढलेला आहे.

म्हणून नवख्याचे खरे पहिले काम लिहिणे नव्हे, वाचणे हे आहे. पॅच नीट बसतो का? सांगितले तेच तो करतो का? विचित्र माहिती दिली तर कोसळतो का? सोबतच्या पुस्तिकेतील वाक्य आणि प्रत्यक्ष वर्तन यांत मेळ आहे का? हे पाहायला प्रकांड पंडित असावे लागत नाही. चिकाटी आणि भाषेची जाण असावी लागते. पुस्तिकेतील एखादे संदिग्ध वाक्य दुरुस्त करणे हाही येथे रीतसर पॅचच होय. कला शाखेच्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे.

यानंतर कसोटी लागते ती मनाची. आपली उत्तरपत्रिका परीक्षकापलीकडे कोणी पाहत नाही. येथे चुका साऱ्या जगासमोर दाखविल्या जातात. ‘सूचनांसह परत’ असा शेरा अनेक पॅचच्या वाट्याला येतो. तो अपमान नव्हे, पुन्हा येण्याचे निमंत्रण आहे, हे कळायला वेळ लागतो. मूळ आज्ञावलीत बदल नोंदविण्याचा अधिकार जगभरात सुमारे तीसच जणांकडे आहे, आणि तो वर्षानुवर्षांच्या कामातून मिळालेल्या विश्वासावर दिला जातो. बदल नोंदविला गेल्यावर निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांची यंत्रे त्याची परीक्षा घेतात. या यंत्रांना प्राण्यांची नावे दिलेली आहेत! एखादा ‘प्राणी’ आजारी पडला, की दोष शोधण्याची धावपळ सुरू होते.

एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. येथील अनेक जाणत्या कारागिरांना निरनिराळ्या कंपन्या याच कामासाठी पगार देतात. नवखा मात्र रात्री जागून काम करतो, आणि उत्तरासाठी कधी कधी महिनोन्‌महिने थांबतो. शिवाय परवाना इतका उदार, की या श्रमांवर कोणीही व्यापार करावा. मग आपण का राबावे?

माझ्या मते उत्तर असे. येथे केवळ आज्ञावली खुली नाही. ती तशी का लिहिली, कोणाचा आक्षेप काय होता, तो कसा मिटला, हेही खुले आहे. जाणत्या माणसांचे मतभेद उगमापासून वाचता येणे, हे शिक्षण पैसे मोजूनही सहसा मिळत नाही. नव्या आवृत्तीबरोबर कामाला हात लावलेल्यांची नावे वर्णानुक्रमे छापली जातात. त्यांत पॅच लिहिणाऱ्याबरोबर तपासणारा असतो, आणि केवळ चूक कळविणाराही असतो. वर्णानुक्रमात थोर-लहान असा भेद उरत नाही.

दार उघडे आहे. उंबरठा मात्र उंच आहे. तो ओलांडावयाचा तर आधी दुसऱ्याचे काम मन लावून वाचावे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.