धूसर चित्राचा दोष कुणाकडे?

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, अकोला-पूर्णा लोहमार्गावर जऊळका आहे. अशा गावात नव्या एचडी टीव्हीवर चित्र धूसर दिसू लागले की दोन निकाल लगेच दिले जातात. एक तर टीव्हीच हलका निघाला, नाहीतर खेड्यात सिग्नलच कमी येतो. हे दोन्ही निकाल बहुतेक वेळा चुकीचे असतात आणि त्यांची किंमत घरच्यांना मोजावी लागते. कुणी छत्री फिरवून घ्यायला माणूस बोलावतो, कुणी मालेगाव-वाशिमच्या दुकानात टीव्ही परत न्यायला निघतो, आणि चित्र जिथल्या तिथे राहते. माझे म्हणणे असे आहे की एचडी टीव्हीवरचे खराब चित्र बहुधा घरात येतानाच खराब आलेले असते, आणि बिघाड कसा दिसतो यावरून तो कुठे झाला हे बरेचसे ओळखता येते. तेवढे ओळखता आले तर निम्मा खर्च आणि सगळा मनस्ताप वाचतो.

आधी खेड्यावरचा आरोप पाहू. मोबाइलच्या बाबतीत तो खरा आहे, कारण टॉवर लांब असला की रेंज घटते. छत्रीचे तसे नाही. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. इतक्या अंतरापुढे मुंबई आणि जऊळका यांच्यातल्या काहीशे किलोमीटरला अर्थ उरत नाही. वाशिमच्या परिसरातून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास ६० अंश उंचीवर असतो. त्या दिशेला वाढलेले झाड, नवी माडी किंवा पाण्याची टाकी आड येत नसेल, तर जऊळक्यातल्या छपरावर जे उतरते तेच दादरच्या गच्चीवरही उतरते. पावसाचा मारा धरला तर मुंबईची छत्री जास्त अडचणीत असते, कारण या लहरी केयू बँडच्या असतात आणि पावसाचे थेंब त्या शोषून घेतात.

तरीही लोक छत्रीकडेच बोट दाखवतात, याला कारण आहे. बांबूवरच्या अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, माणसामागे त्याचीच सावली दिसायची, आणि अँटेना जरा फिरवली की चित्र सुधारायचे. सिग्नल आणि चित्र दोन्ही एकत्र उतरायचे, एकत्र चढायचे. डिजिटल प्रसारणात हा संबंध तुटला. चित्र आकड्यांच्या रूपात येते. आकडे वाचता येतात तोवर ते पूर्ण दिसते. वाचता येईनासे झाले की चौकोन-चौकोन पडतात, चित्र गोठते, आवाज तुटतो, आणि मग पडदा काळा होतो. मधली पायरी जवळपास नाहीच. म्हणून पडद्यावर चौकोन पडत असतील तर छत्री, तिच्यासमोरचा, सिग्नल पकडणारा एलएनबी, वायरीचा सांधा, त्यात शिरलेले पावसाचे पाणी हे जरूर तपासावे. पण चित्र सतत, कोरड्या उन्हातसुद्धा, नुसतेच धूसर असेल तर छत्री निर्दोष आहे. ती कितीही फिरवली तरी ते चित्र कणभरही स्पष्ट होणार नाही.

मग धूसरपणा येतो कुठून? साधा हिशेब केला तर उत्तर मिळते. एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या, वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचे असते. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजारांवर ठिपके असतात: बरोबर पाचपट. फोर-के पडद्यावर वीसपट. एसडी वाहिनी लावली की फुल एचडी टीव्हीला पाचांपैकी चार ठिपके अंदाजाने भरावे लागतात, फोर-केला विसांपैकी एकोणीस. अंदाज कितीही हुशार असला तरी जी पापणी, जो साडीचा काठ प्रसारणात आलाच नाही तो टीव्ही कुठून आणणार? फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या एसडी आहेत. महिन्याचे पैसे न देता ही सेवा काही कोटी घरांत पोहोचली, हे सार्वजनिक प्रसारणाचे मोठे काम आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिच्याकडून एचडीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. खासगी डीटीएचवरही एचडी वाहिनी वेगळी घ्यावी लागते. २०१९ मध्ये लागू झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या दरव्यवस्थेत वाहिन्या मोजताना एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांएवढी धरली गेली. मोठ्या मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ पासून येऊ लागल्या, पण त्यांचे एसडी भाऊबंद त्याच नावाने, वेगळ्या क्रमांकावर चालूच आहेत. पॅकमध्ये नेमकी कोणती आहे हे कित्येक घरांत कधी पाहिलेच जात नाही.

ठिपक्यांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे दाबून भरणे. उपग्रहाच्या, सिग्नल पृथ्वीकडे पाठवणाऱ्या एकाच ट्रान्सपाँडरवर अनेक वाहिन्या जागा वाटून घेतात. प्रत्येकीचे चित्र आकसवून बसवले जाते. बातम्या देणारी व्यक्ती स्थिर बसलेली असते, तिथे हे खपून जाते. क्रिकेटच्या सामन्यात कॅमेरा चेंडूमागे धावला की मैदानातले गवत वितळल्यासारखे दिसते, कबड्डीत खेळाडूंच्या कडा विरघळतात. ही उणीव प्रसारकाच्या टोकाला निर्माण होते. प्रेक्षकाच्या घरात तिच्यावर इलाज नाही.

यावर सर्वांत सबळ आक्षेप हा की, हीच वाहिनी, हीच छत्री, मग जुन्या डबा टीव्हीवर चित्र चांगले का दिसायचे? निरीक्षण खरे आहे, फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. २१ इंची जुन्या पडद्याच्या तुलनेत ४३ इंची पडद्याचे क्षेत्रफळ साडेतीनपटींहून जास्त आहे. तेवढेच ठिपके तेवढे ताणले गेले. शिवाय एसडी चित्र एक आड एक ओळींनी येते. जुनी काचेची नळी ते तसेच दाखवायची आणि ओळी आपसूक एकमेकींत मिसळायच्या. नव्या पडद्याला त्या सांधून पूर्ण चित्र घडवावे लागते, आणि स्वस्त टीव्हीत हे सांधकाम कच्चे असते. बसण्याचे अंतरही मोजले पाहिजे. दहा फुटांवरून निरोगी डोळ्याला साधारण ०.९ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. ३२ इंची पडद्यावर एसडीचा एक ठिपका जवळपास १ मिलिमीटर रुंद पडतो, म्हणजे दहा फुटांवरून तो जेमतेम खटकतो. ४३ इंचावर तो १.३ मिलिमीटर होतो आणि उघडा पडतो. म्हणून वाहिन्या एसडी, आणि खोली दहा-बारा फुटांची असेल तर मोठा टीव्ही घेणे म्हणजे पैसे देऊन चित्र खराब करून घेणे आहे, हे दुकानदारांनी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवे. ते सांगत नाहीत, आणि याचा मला राग येतो.

घरात दुरुस्त होण्याजोगे दोष मात्र आहेत, आणि ते जवळपास फुकट दुरुस्त होतात. पहिला दोष वायरीचा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीतून एचडी चित्र जाऊच शकत नाही. पिवळी पिन फक्त एसडी नेते. एचडी बॉक्स, एचडी वाहिनी, एचडी टीव्ही आणि मध्ये ही वायर असेल, तर वाहिनीसाठी दिलेले जादा पैसे त्या पिनेतच अडकतात. एचडीएमआय वायर लावली की झाले. मग बॉक्सच्या मेनूत जाऊन चित्राचा आकार आणि रिझोल्यूशन पाहावे. माणसे जाडी-बुटकी दिसत असतील तर चारास तीनचे चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ओढले जात आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतील, चेहरे तरी सरळ दिसतील.

दुसरा दोष टीव्हीच्या आतल्या मांडणीचा, आणि त्याचे मूळ दुकानात आहे. दुकानात पेन ड्राइव्हवरची खास चित्रफीत चालते: पोपट, फुले, समुद्र, सगळे फोर-के. ट्यूबलाइटच्या झगझगाटात शेजारच्या टीव्हीवर मात करायची म्हणून ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड लावलेला असतो. तोच मोड घरी येतो आणि चेहरे केशरी, निळे रंग भडक दिसतात. त्यावर लोक ‘शार्पनेस’ वाढवतात. त्याने तपशील वाढत नाही, कडांभोवती पांढरी रेघ उमटते आणि एसडीतले डाग ठळक होतात. मोड ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’, शार्पनेस अगदी कमी, आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, एवढ्याने कित्येक घरांतले चित्र सुधारेल. पहिले दोन दिवस ते फिके वाटेल. डोळा रुळला की जुना भडकपणा नको होतो.

स्मार्ट टीव्हीने यात नवी गफलत आणली आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर यूट्यूब लावले की वेग कमी पडताच चित्र आपोआप ४८० ओळींवर उतरते. फुल एचडीला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिटचा स्थिर वेग लागतो, आणि एका तासाच्या एचडीत रोजचा दीड जीबीचा पॅक संपू शकतो. इथे मात्र गावावरचा आरोप खरा ठरतो: सायंकाळी टॉवरवर गर्दी झाली की वेग पडतो.

टीव्ही कधीच दोषी नसतो असा दावा मी करत नाही. पडद्याचा एक कोपरा कायम काळसर, उभी रेघ, बाजूने पाहिल्यावर उडणारे रंग, मागच्या एलईडी पट्टीचा विझलेला भाग, हे दोष टीव्हीचेच आहेत. त्यांची खूण ही की ते प्रत्येक वाहिनीवर, प्रत्येक स्रोतावर, अगदी मेनूच्या पानावरही दिसतात. म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी मोबाइलवर दिवसा काढलेला एखादा स्पष्ट फोटो पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीवर पाहा. फोटो लख्ख दिसला तर टीव्ही सोडा. वाहिनी, बॉक्स, वायर आणि मांडणी तपासा. फोटोही खराब दिसला तर वॉरंटीचा कागद काढा. आणि पुढचा टीव्ही घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला पोपटांची चित्रफीत बंद करायला सांगा, घरी जी एसडी वाहिनी रोज पाहता ती लावायला लावा, आणि दहा फूट मागे जाऊन मग भाव विचारा.